कामशेत सोडलं!

आमच्या भावकीत कुणी गेलं, की पहिला फोन मला येतो! हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे, फुशारकीनंच सांगतो, पण खोटं सांगत नाही. कुरवंड्यापासून शिरगावापर्यंत आमची माणसं विखुरलेली. एखाद्या म्हाताऱ्यानं डोळे फिरवले, की घरचे आधी त्याच्या तोंडात पाणी घालतात आणि लगेच मला फोन लावतात. मग मी बसल्या जागेवरून सगळ्यांना कळवतो. माती किती वाजता, कुणाची वाट बघायची आहे, टेंपो कुठून सुटणार, सगळं! माझ्या कारकिर्दीत एकाही माणसाची माती चुकलेली नाही. ज्याची असते त्याची तर नाहीच!

या कामाला शिस्त लागते. सगळ्यांचे नंबर माझ्याकडं आणि माझा नंबर सगळ्यांकडं. एकमेकांचे नंबर ठेवायच्या भानगडीत आमच्यात कुणी पडत नाही. माझ्या बायकोचा, रेणुकाचा नंबरसुद्धा भावकीत कुणाकडं नाही. कशाला लागतोय, मी बसलोय ना!

आणि यातली सगळ्यात मोठी जबाबदारी म्हणजे भामाआत्या. माझ्या वडलांची बहीण, शिरगावला दिलेली. तिच्या माहेरच्या घरातलं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. माहेरचं माणूस लुगडं घेऊन आल्याशिवाय तिला उचलत नाहीत, मग ती पणजी का झालेली असेना. उन्हाळ्यात भेटायला गेलो तेव्हा आत्यानं माझा हात धरला.

"बाज्या, तुज्याबिगर मला हलवायचं न्हाई, आसं सुहासला सांगून ठेवलंय. तू ये म्हंजे झालं."

"आत्या, फोन वाजला की मी गाडीवं बसलो म्हून समज!"

"वाजंल न्हवं?"

"माजा फोन वाजला न्हाई, आसं कवा झालंय का?" मी म्हणालो. आत्या बोळक्या तोंडानं हसली. सुहास, म्हणजे तिचा मुलगा, तोही हसला.

पुढच्याच महिन्यात माझा मेव्हणा अमृत जपानहून सुट्टीवर आला आणि त्यानं माझ्या हातात एक फोन ठेवला. "दाजी, खास तुमच्यासाठी!" फोन कसला, आरसाच! इतका गुळगुळीत की मासोळीसारखा हातातून सटकायचा. फोटो काढला की खाट्‌कन आवाज व्हायचा आणि तो आवाज बंद करायची सोयच नव्हती. तिकडं तशीच पद्धत आहे म्हणे. मला तर ते फारच आवडलं. आपण फोटो काढला हे चार लोकांना कळायला नको?

माझी मुलगी स्नेहल पुण्याला इंजिनिअरिंग शिकते. तिनं फोन उलटासुलटा करून बघितला, स्वतःच्या फोनवर काहीतरी शोधलं आणि तोंड वाकडं केलं.

"पप्पा, हा जपानच्या नेटवर्कसाठी बनवलेला आहे. आपल्या गावापर्यंत टॉवरचा एकच बँड पोचतो, साडेआठशेचा. तो यात नाहीच आहे. लोणावळ्यात दुसरे बँड आहेत, तिथं चालेल. इथं नाही चालणार."

"अगं, ज्यांनी बुलेट ट्रेन काडली, त्यास्नी कुरवंडं जमंना व्हय!"

"त्यांनी कुरवंड्यासाठी नाही काढली, पप्पा."

पोरगी शिकली की बापाला शिकवायला लागते. मी फोन खिशात टाकला, थेट लोणावळ्याच्या बाजारात गेलो आणि भर चौकात उभं राहून बघितलं. सगळ्या काड्या उभ्या! तिथूनच मी स्नेहलला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणालो, "बग! बग आता!" मग त्याच ऐटीत माझा जुना फोन आठवडी बाजारात विकून टाकला.

घरी आलो तर फोनवर एकही काडी नाही. अंगणात नाही, माळ्यावर नाही, परसात चिंचेखाली नाही. नागफणीच्या सुळक्याकडं तोंड करून उभा राहिलो, तरी नाही. शेवटी गावाच्या वरच्या अंगाला पाण्याची टाकी आहे, तिच्या शिडीवर चढून खंडाळ्याकडं हात लांब केला, तेव्हा एक काडी उगवली.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? स्नेहलला सांगितलं असतं की बाई, तुझं खरं. मी शहाणा नाही असं नाही, पण ज्या पोरीला भर चौकातून 'बग!' म्हणून झालं होतं, तिला आता काय दाखवणार? मी सकाळ-संध्याकाळ गुपचूप टाकीवर जायला लागलो. आलेले निरोप घ्यायचे, गेलेल्यांची बातमी पुढं द्यायची आणि खाली यायचं. गावाला वाटलं, मला मधुमेह झाला म्हणून मी फिरायला जातो. "भाऊ, शुगर निघाली का?" असं एकानं विचारलं, तर मी "व्हय" म्हणालो. तेव्हापासून गावजेवणात मला कुणी लाडू वाढत नाही.

श्रावणाच्या आधी भाताची आवणी आली. आवणी म्हणजे आमच्याकडं लग्नघाई. पाऊस असा कोसळत होता की समोरचा बैल दिसेना. दिवसभर वाकून रोपं लावायची आणि घरी येऊन ओल्या पोत्यासारखं पडायचं. टाकीवर चढायचं त्राण कुणाला होतं? शिवाय शिडी निसरडी. मी मनाला समजावलं, असल्या पावसात कोण मरतंय!

रविवारी सकाळी शेवटचं खाचर उरलं होतं. रोपं लावलेल्या शेताचा एक फोटो खाट्‌कन काढला आणि तो अमृतला पाठवावा म्हणून मी चिखलाच्या पायांनी टाकीवर चढलो. काडी उगवली आणि फोन हातात थडथडायला लागला. सगळे निरोप सुहासचे. 'दादा, आईला बरं नाही, फोन कर.' 'दादा, आई तुझं नाव घेते.' 'दादा, फोन का लागत नाही?' आणि शेवटचा, त्याच सकाळचा, 'आई गेली. निघ.'

मी शिडीवरच बसलो. लहानपणी मला हिनं खांद्यावर घेऊन वळवणचं धरण दाखवलं होतं. भडभडून आलं. पाऊस तोंडावर होता, त्यामुळं रडलेलं मलाही कळलं नाही. मग सुहासला फोन लावला.

"दादा! आरं कुटं हायस तू? कवाधरनं लावतुया!"

काय सांगणार? टाकीवर आहे म्हणून सांगू?

"निगालोय," मी म्हणालो. "वाटंतच हाय!"

खाचरात येऊन रेणुकाला सांगितलं. तिच्या हातातली रोपाची मुठी गळून पडली. पाय धुतले, कपडे बदलले आणि दोघं मोटारसायकलवर निघालो. पण रविवार! पाऊस! सगळी मुंबई आणि सगळं पुणं भुशी धरणावर भिजायला आलेलं. त्या फाट्यापाशी गाड्यांची अशी ठासणी झाली होती की मोटारसायकल सोडा, कोंबडी जाईना. एक पोरगं उघड्या अंगानं मोटारीच्या टपावर नाचत होतं. मी ओरडलो, "आरं, माती हाय आमची!" तर ते म्हणालं, "काका, एंजॉय करो!"

कसेबसे बाजारात पोचलो. लोणावळ्यात चिक्कीची दुकानं हाक मारली तर पन्नास ओ देतील, पण नऊवारी लुगडं मिळेना. एका दुकानदारानं जरीच्या ढिगाला हात घातला.

"लग्न कोणाचं आहे?"

"लगीन न्हाई, माती हाय."

"असं होय! मग मागच्या कपाटात," तो म्हणाला आणि नोकराला हाक मारली, "अरे, साधं काढ रे, मयताचं!"

तेवढ्यात फोन वाजला. लोणावळ्यात काय, सगळ्या काड्या उभ्या!

"दादा, कुटवर आलास?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "कामशेत सोडलं!"

रेणुका माझ्याकडं बघतच राहिली. "आवं, आपन आजून लोनावळा सोडलं न्हाई!"

"सुटंल की! सोडायलाच निगालोय न्हवं?"

आता यात माझं काय चुकलं सांगा. अख्ख्या मावळात हीच रीत आहे. माणूस 'निघालो' म्हणाला, की तो न्हाणीत आहे असं समजायचं. 'वाटेत आहे' म्हणाला, की चपला शोधतोय. 'पोचलोच' म्हणाला तर एक कप चहा पिऊन घ्यायला हरकत नसते. ऐकणारा आपल्या मनानं वजा करतो, कुणाचं काही अडत नाही. पण ज्याची आई समोर पडली आहे तो वजाबाकी कशी करणार? सुहासनं 'कामशेत' ऐकलं आणि कामशेतच धरलं. त्यानं आत्याला आंघोळ घालायला सांगितलं.

लुगडं घेतलं, गठुडं रेणुकाच्या पदराखाली दिलं आणि हायवेला लागलो. वळवणपाशी पुन्हा गाड्यांची रांग. पुन्हा फोन.

"दादा?"

"वडगाव!" मी म्हणालो. कामशेत सोडून इतका वेळ झाल्यावर वडगाव यायलाच पाहिजे होतं.

"मंग आलासच की! बजरंगला गाडी घिऊन सोमाटण्याच्या फाट्यावं पाटीवतो. आईला भाईर घेतो. लाकडं भिजाय लागल्यात, उजेडात उरकाय पायजे."

"घे, घे," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

"आता त्या म्हातारीला पावसात काडून ठेवत्याल," रेणुका मागून म्हणाली. "फोन लावा आनि खरं काय ते सांगा. आजून बी टाइम हाय."

"गर्दीतनं सुटलो की वडगाव काय लांब हाय? भरून काडतो!"

आणि खरं सांगतो, कार्ल्याच्या पुढं गेल्यावर मलाही वाटलं की रेणुकाचं बरोबर आहे. गाडी बाजूला घेऊन मी फोन काढला. एकही काडी नाही! पुढं कामशेतच्या खिंडीत बघितलं, नाही. मघाशी खोटं बोलताना भरघोस असलेली रेंज खरं बोलायची वेळ आली तेव्हा गेली होती. रेणुकाचा फोन घरी, चुलीपाशी वाळत ठेवलेला.

तिकडं काय झालं ते मला नंतर कळलं. बजरंग, सुहासचा चुलतभाऊ, फाट्यावर उभा राहिला. वडगावहून यायला जेवढा वेळ लागतो तेवढा झाला, त्याच्या दुप्पट झाला. माझा फोन लागेना. त्याच वेळी वडगावकडून आलेला एक दूधवाला म्हणाला, तिकडं मोटारसायकल घसरून कुणीतरी ट्रकखाली गेलंय, नवरा-बायको होते म्हणतात. बजरंगनं सुहासला फोन केला. अंगणात मातीला जमलेले सगळे बाप्ये तसेच उठले आणि टेंपोत चढले.

वडगाव ओलांडून पुढं आलो आणि पलीकडच्या बाजूनं तो टेंपो समोरून येताना दिसला. मागं आमचीच माणसं उभी! ओल्या टोप्या, पडलेली तोंडं. बजरंगची मोटारसायकल मागोमाग. मी हात केला, पण मधल्या दुभाजकाच्या झाडीतून कुणाला दिसलं नाही.

"रेणुका," मी म्हणालो, "झालं. माती उरकली. मान्सं माघारी निगाली."

गाडी एका चहाच्या टपरीपाशी लावली आणि बाकड्यावर बसलो. आत्याच्या अंगावर माहेरची चिंधीसुद्धा पडली नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी माहेरचं लुगडं नेसून गेली बिचारी, आणि सगळ्यांना फोन करणारा शहाणा मी, लुगडं घेऊन टपरीवर! रेणुका गठुडं छातीशी धरून रडत होती. टपरीवाल्यानं न मागता दोन चहा ठेवले.

तिथं फोन वाजला. सुहास. मी नुसता बघत राहिलो.

"घ्या की," रेणुका म्हणाली.

"काय सांगू त्येला?"

"काय बी सांगू नका. निसतं रडा."

मला तेवढंही जमलं नाही. फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. मी तो उलटा करून बाकड्यावर ठेवला. या खेपेला जपान्यांचा काहीही दोष नव्हता. सुहास तेव्हा वडगावला दवाखान्याच्या दारात उभा होता आणि आतल्या मयताच्या खिशातला फोन वाजतोय का, म्हणून कान देऊन ऐकत होता.

आता घाई कशाची? आम्ही हळूहळू निघालो. शिरगावात देवळापाशी हात जोडले आणि सुहासच्या वस्तीकडं वळलो. त्याच्या अंगणात मंडप घातल्यासारखा प्लास्टिकचा कागद बांधला होता. त्याच्याखाली बायका बसल्या होत्या. आणि मध्ये तिरडीवर भामाआत्या होती.

मी गाडीवरून उतरायचं विसरलो. एकही बाप्या नव्हता. आत्याच्या शेजारची सरूबाई, आत्याच्याच वयाची, ती आत्याच्या तोंडावरच्या माश्या वारत बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, मग पायांकडं बघितलं. बहुतेक सरळ आहेत की उलटे, हे बघत असावी.

"बाज्या? जित्ता हायस?"

"म्हंजे?"

"समदी तुला हुडकाय गेल्याती. तू मेलास म्हनं वडगावात."

सुहासची बायको सविता आतून धावत आली, रेणुकाच्या गळ्यात पडली आणि मग बजरंगला फोन लावून ओरडली, "आवं, आले हितं! दोगं बी जित्ती हायती! माघारी फिरा!"

रेणुकानं आणि सरूबाईनं आत्याला लुगडं नेसवलं. मी पाठ करून उभा राहिलो. नेसवून झाल्यावर सरूबाईनं मला आत्याच्या उशापाशी बसवलं.

"चार दिस तुजा फोन लावाय सांगत व्हती," ती म्हणाली. "लागंना. म्हनली, बाज्या रागावला आसंल माज्यावं. मी काय बोल्ले का त्येला? सारकं त्येच. मी म्हनलं, न्हाई गं, कामात आसंल. तिला न्हाई पटलं."

मी आत्याच्या हाताला हात लावला. गार होता. मग मी तिला सगळं सांगून टाकलं. आत्या, मी रागावलो नाही. फोनच इथला नव्हता. स्नेहलनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. टाकीवर चढायचा कंटाळा केला. कामशेत सोडलं म्हणालो, तेव्हा तुझं लुगडं बघत होतो. वडगाव म्हणालो, तेव्हा वळवणला होतो. आणि मघाशी तुझ्या पोराचा फोन वाजत होता, तर मी उचलला नाही. बोलता बोलता हुंदका आला. सरूबाई आणि रेणुका ऐकत होत्या. बाहेर पावसानं लाकडं भिजत होती.

टेंपो आला तेव्हा दिवस कलला होता. सुहासनं तो थांबायच्या आधीच उडी मारली, चिखलातून धावत आला आणि मला मिठी मारून असा ओक्साबोक्शी रडला की मला त्याला धरून उभं राहावं लागलं.

"दादा, आई गेली तवा मी रडलो न्हाई रं! समदं बगायचं व्हतं. पन तू बी गेलास म्हनल्यावं... आता कोन ऱ्हायलं मला?" मग त्यानं डोळे पुसले, माझे खांदे धरले आणि विचारलं, "कुटं व्हतास रं दादा? काय झालं व्हतं?"

टेंपोतली सगळी माणसं भोवती जमली. भिजलेली, दमलेली, माझ्यासाठी दवाखाने हिंडून आलेली. आता सांगायचंच, असं मी ठरवलं. नुकतंच एकदा सांगून झालं होतं, शब्द तोंडात तयार होते. मी तोंड उघडलं.

"ट्रॅफिक लय व्हतं," मी म्हणालो.

सगळ्यांनी माना हलवल्या. "रैवार हाय ना," कुणीतरी म्हणालं. सुहासनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी रेणुकाकडं बघितलं. दिवसभर माझ्या एकेका खोट्याला चिमटा काढणारी बाई, आता काय बोलणार म्हणून माझा जीव कानात आला.

"व्हय," रेणुका म्हणाली. "लय व्हतं."

आणि ती आत्याच्या पायाशी जाऊन, माझ्याकडं पाठ करून बसली. सुहासनं मानाचा म्हणून पहिला खांदा मला दिला, आणि मी तो घेतलाही.